लांबीच्या आकड्यावर विसंबू नये : टीसीपीडंपमधील लहान दुरुस्त्यांची साडेतीन दशके

संगणकांच्या नेटवर्कमधून जाणारी माहिती सलग धारेसारखी वाहत नाही. ती लहान लहान तुकड्यांत विभागली जाते, आणि 'पॅकेट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अशा प्रत्येक तुकड्याच्या आरंभी तो कोठून निघाला, कोठे जायचा आहे, त्याची एकूण लांबी किती आणि त्याच्या पोटात कोणत्या प्रकारचा मजकूर आहे, हे सांगणारे काही बाइट असतात, ज्यांना 'हेडर' म्हणतात. हे बाइट कोणत्या क्रमाने लिहायचे आणि त्यांचा अर्थ कसा लावायचा, याच्या ठरलेल्या नियमांना 'प्रोटोकॉल' म्हणतात. नेटवर्कमध्ये काही बिघडले, एखादे संकेतस्थळ उघडेनासे झाले किंवा दोन यंत्रांमधला संवाद मध्येच तुटू लागला, की तारेवरून प्रत्यक्षात काय जात आहे हे पाहण्यावाचून गत्यंतर नसते. त्यासाठी ये-जा करणारी पॅकेट टिपून ती माणसाला वाचता येतील अशा रूपात मांडणारे प्रोग्रॅम वापरले जातात. महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत विद्यार्थ्यांच्या परिचयाचा असलेला वायरशार्क हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, खिडक्या-चित्रे यांच्या वाटेला न जाता प्रत्येक पॅकेटमागे एखाद-दोन ओळी मजकूर छापणारा आणि जगभरच्या सर्व्हरांवर आजही रोज चालवला जाणारा दुसरा प्रोग्रॅम म्हणजे टीसीपीडंप. त्याच्या कोडमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या मूळ लिखित मजकुरात, गेल्या साडेतीन दशकांत झालेल्या बदलांपैकी बहुतेक इतके लहान आहेत, की ते एकेकटे पाहिले तर त्यांत सांगण्याजोगे काही नाही असेच वाटावे. मात्र ते ओळीने मांडले, की अनोळखी आणि प्रसंगी द्वेष्ट्या माणसाने लिहिलेला मजकूर यंत्राने कसा वाचावा, या प्रश्नाचे उत्तर हळूहळू आकाराला येताना दिसते.

टीसीपीडंपचा जन्म कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत १९८८ साली झाला. व्हॅन जेकबसन, क्रेग लेरेस आणि स्टीव्हन मॅककॅन हे त्याचे कर्ते. ऑक्टोबर १९८६ मध्ये ही प्रयोगशाळा आणि तिच्यापासून अवघ्या ४०० यार्डांवर असलेले कॅलिफोर्निया विद्यापीठाचे बर्कली येथील आवार यांच्यामधला माहितीचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर घसरला होता. इंटरनेटच्या इतिहासातील गर्दीमुळे झालेल्या या पहिल्या कोंडीचे मूळ शोधताना जेकबसन यांनी टीसीपी या प्रोटोकॉलच्या वागणुकीचा जो अभ्यास चालवला, त्याच संशोधनाचे एक साधन म्हणून टीसीपीडंप लिहिला गेला. त्याचे काही भाग सुरुवातीला सन कंपनीच्या 'इथरफाइंड' या प्रोग्रॅममधून घेतलेले होते आणि ते पुढे मॅककॅन यांनी नव्याने लिहिले. पहिल्या दिवसापासून एक एक भाग बदलत जाण्याची रीत या प्रोग्रॅमला अशी लागली. बर्कली येथील गटाचे लक्ष इतर कामांकडे वळल्यावर निरनिराळ्या कार्यप्रणालींच्या प्रती आपापल्या दुरुस्त्यांसह वेगवेगळ्या वाटांनी जाऊ लागल्या होत्या. १९९९ साली मायकेल रिचर्डसन आणि बिल फेनर यांनी पुढाकार घेऊन त्या पुन्हा एका ठिकाणी आणल्या, आणि तेव्हापासून हे काम स्वेच्छेने वेळ देणाऱ्या थोड्या लोकांच्या हाती आहे. गाय हॅरिस, फ्रांस्वा-झाव्हिए ल बेल, डेनिस ओव्हसिएन्को ही त्यांतली दीर्घकाळ दिसणारी नावे, आणि यांतील हॅरिस हे वायरशार्कच्याही आरंभीच्या काळापासूनचे कर्ते आहेत.

या प्रोग्रॅमचे काम दोन टप्प्यांत होते आणि त्या दोन टप्प्यांची प्रकृती एकमेकींहून फार वेगळी आहे. पहिला टप्पा टिपण्याचा आणि गाळण्याचा. नेटवर्क कार्डावरून सेकंदाला हजारो पॅकेट येत असताना त्यांतली हवी तेवढीच, उदाहरणार्थ केवळ ५३ क्रमांकाच्या पोर्टची, वेगळी काढायची असतात, आणि हे गाळण कार्यप्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे 'कर्नल'मध्ये, झाले तरच ते परवडते, कारण प्रत्येक पॅकेटची प्रत कर्नलमधून बाहेर आणणे महागात पडते. यासाठी मॅककॅन आणि जेकबसन यांनी 'बीएसडी पॅकेट फिल्टर' अर्थात बीपीएफ ही रचना केली आणि तिच्यावरील निबंध जानेवारी १९९३ मध्ये सॅन डिएगो येथील युझनिक्स परिषदेत मांडला. वापरणाऱ्याने लिहिलेल्या अटीचे भाषांतर एका कल्पित यंत्राच्या अगदी साध्या आज्ञांमध्ये होते, कर्नल त्या आज्ञा प्रत्येक पॅकेटवर चालवतो आणि ते ठेवायचे की टाकायचे हे ठरवतो. त्यापूर्वीच्या गाळणीच्या मानाने हे यंत्र वीसपटीपर्यंत वेगवान असल्याचे त्यांनी दाखवले. वेगापेक्षाही महत्त्वाची गोष्ट अशी, की या आज्ञांमध्ये उडी केवळ पुढच्या दिशेने घेता येते, मागे वळता येत नाही. त्यामुळे कोणतीही गाळणी कधी ना कधी संपणार याची हमी ती चालवण्यापूर्वीच देता येते, आणि पॅकेटच्या कडेपलीकडचा बाइट मागणारी आज्ञा आली तर गाळणी ते पॅकेट नाकारून थांबते.

दुसरा टप्पा छापण्याचा, आणि त्याला अशी कोणतीही जन्मजात हमी नाही. टिपलेले पॅकेट हातात आल्यावर त्यातला एकेक बाइट वाचून त्याचा अर्थ सांगणारे कोड सी भाषेत लिहिलेले आहे. प्रत्येक प्रोटोकॉलसाठी साधारणपणे एक स्वतंत्र फाइल या हिशेबाने अशा शंभराहून अधिक फाइली टीसीपीडंपमध्ये जमल्या आहेत, आणि त्या वेगवेगळ्या दशकांत, वेगवेगळ्या देशांतल्या, वेगवेगळ्या सवयींच्या माणसांनी लिहिल्या आहेत. सी भाषा संगणकाच्या स्मृतीतल्या कोणत्याही पत्त्यावरून वाचण्याची मुभा देते. तो पत्ता पॅकेटच्या आतला आहे की बाहेरचा हे ती विचारत नाही. तेव्हा बीपीएफच्या यंत्रात जी शिस्त रचनेतच बांधलेली होती, ती छापणाऱ्या कोडमध्ये प्रत्येक लेखकाने प्रत्येक ओळीत स्वतः पाळायची होती, आणि पुढे ज्या शेकडो दुरुस्त्या कराव्या लागल्या त्यांचे मूळ या एका फरकात आहे.

अडचण कोठे येते हे लांबीच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. आयपी प्रोटोकॉलच्या हेडरात पॅकेटची एकूण लांबी दोन बाइटांत लिहिलेली असते, म्हणून ती ६५,५३५ पर्यंत जाऊ शकते. पण टिपणाऱ्याच्या हाती प्रत्यक्षात तेवढे बाइट आलेले असतीलच असे नाही. स्मृती आणि डिस्क महाग होत्या त्या काळात टीसीपीडंप प्रत्येक पॅकेटचे केवळ पहिले ६८ बाइट ठेवत असे, आणि इथरनेटच्या हेडराचे १४, आयपीचे किमान २० व टीसीपीचे किमान २० मिळून ५४ होत असल्याने तेवढे पुरतही असत. पुढे ही मर्यादा वाढत गेली आणि आता ती २,६२,१४४ बाइट इतकी, म्हणजे व्यवहारात संपूर्ण पॅकेट मावेल एवढी आहे. मात्र मर्यादा कितीही वाढवली तरी मूळ भेद राहतोच : पॅकेटमध्ये लिहिलेली लांबी हे पाठवणाऱ्याचे म्हणणे असते आणि हाती आलेली लांबी ही टिपणाऱ्याने पाहिलेली वस्तुस्थिती असते. बाजार समितीतला मापाडी पोत्यावर रंगवलेला वजनाचा आकडा वाचतो, पण पोते काट्यावर ठेवल्याशिवाय हिशेब लिहीत नाही. छापणाऱ्या कोडचेही तसेच असायला हवे. हा काटा विसरला गेला तर काय होते, हे एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या दुसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये उघड झालेल्या 'हार्टब्लीड' या दोषाने साऱ्या जगाला दाखवले. समोरच्याने सांगितलेल्या लांबीवर विसंबून सर्व्हर स्वतःच्या स्मृतीतले ६४ किलोबाइटपर्यंतचे तुकडे परत पाठवत होता आणि त्यांत पासवर्ड व गुप्त किल्ल्याही असू शकत होत्या.

टीसीपीडंपमध्ये हा काटा आरंभापासून होता. टिपलेला मजकूर जेथे संपतो त्या पत्त्याची नोंद ठेवलेली असे, आणि काही वाचण्यापूर्वी ते त्या पत्त्याच्या अलीकडे आहे ना, हे तपासणारा एक मॅक्रो, म्हणजे अनेक ठिकाणी एका नावाने वापरता येणारा कोडचा छोटा साचा, लिहिलेला होता. या एका ओळीच्या साच्याचा प्रवास पाहण्यासारखा आहे. त्याचे जुने रूप सरळ होते : शेवटच्या पत्त्यातून हवी तेवढी लांबी वजा करा, आणि वाचायचा पत्ता त्या वजाबाकीच्या उत्तराहून पुढे नसेल तर वाचा. हे बरोबर दिसते आणि बहुतेक वेळा बरोबर असतेही. परंतु हवी असलेली लांबीच पॅकेटमधून आलेली आणि अवाढव्य असली, तर वजाबाकी शून्याखाली जाते. संगणकात चिन्हरहित संख्या शून्याखाली जाऊ शकत नसल्याने ती उलटून प्रचंड मोठी होते, आणि मग कोणताही पत्ता तिच्या अलीकडेच ठरतो. नेमका ज्या वेळी काटा हवा त्याच वेळी तो निकामी होतो. म्हणून साच्यात आणखी एक अट घातली गेली, की वजाबाकीचे उत्तर मूळ पत्त्याहून मोठे निघता कामा नये.

तेवढ्यानेही भागले नाही. सी भाषेचे नियम असे गृहीत धरतात, की पत्त्यांची बेरीज-वजाबाकी नेहमी एकाच रांगेच्या आत राहते. ती बाहेर जाणे हेच नियमबाह्य असल्याने, सी मधील कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा 'कंपायलर' असा तर्क करू शकतो, की पत्त्यातून काही वजा केल्यावर उत्तर लहानच येणार, तेव्हा ही नवी अट कायमच खरी आहे आणि म्हणून ती गाळून टाकायला हरकत नाही. म्हणजे माणसाने जाणीवपूर्वक घातलेली सुरक्षेची अट यंत्र चुपचाप काढून टाकू शकत होते. कार्नेगी मेलन विद्यापीठातील सर्ट या संस्थेने २००८ साली या प्रकाराविषयी जाहीर सूचना दिली. टीसीपीडंपच्या साच्यात मग पत्त्यांकडे पत्ते म्हणून न पाहता साध्या पूर्णांक संख्या म्हणून पाहण्याची दुरुस्ती झाली, कारण चिन्हरहित पूर्णांकांच्या उलटण्याचे नियम भाषेने निश्चित केलेले आहेत आणि तेथे कंपायलरला तसा तर्क करता येत नाही. एका ओळीतल्या या बदलांवर त्या ओळीहून कितीतरी मोठे स्पष्टीकरण कोडमध्येच टिपेच्या रूपात लिहून ठेवले आहे आणि त्यात सर्टच्या त्या सूचनेचा हवालाही दिला आहे. पुढच्या एखाद्या उत्साही लेखकाने ही अट अनावश्यक समजून काढून टाकू नये, म्हणून लिहिलेली ती टीप प्रत्यक्ष दुरुस्तीइतकीच मोलाची मानली पाहिजे.

वाचण्याची जागा सुरक्षित आहे एवढे कळूनही काम संपत नाही, कारण बाइट कसे वाचायचे याचाही प्रश्न असतो. नेटवर्कवर दोन बाइटांची संख्या मोठ्या स्थानाचा बाइट आधी अशा क्रमाने लिहितात, तर इंटेलचे प्रोसेसर स्मृतीत उलटा क्रम ठेवतात, त्यामुळे पॅकेटमधला पोर्ट क्रमांक ८० तसाच उचलून वाचला तर तो २०,४८० दिसतो. शिवाय सन कंपनीच्या स्पार्कसारखे प्रोसेसर चार बाइटांची संख्या चारने भाग जाणाऱ्या पत्त्यावरूनच वाचू देतात आणि तसे नसेल तर प्रोग्रॅम तेथल्या तेथे बंद पाडतात. इथरनेटचे हेडर १४ बाइटांचे असल्याने त्यामागून येणारे आयपीचे हेडर नेमके अशा अडनिड्या पत्त्यावर येऊ शकते. जुन्या टीसीपीडंपमध्ये यावर उपाय म्हणून अशा यंत्रांवर संपूर्ण आयपी पॅकेटची प्रत वेगळ्या, सोयीच्या पत्त्यावर करून घेत आणि मग ती वाचत. हा मार्ग खर्चिक तर होताच, पण पॅकेटचे मूळ ठिकाण व प्रतीचे ठिकाण असे दोन पत्ते एकाच वेळी सांभाळावे लागत असल्याने घोटाळ्यालाही वाव होता. कालांतराने हेडरांची वर्णने संख्यांच्या रूपात न ठेवता सुट्या बाइटांच्या रांगांच्या रूपात लिहिली गेली आणि त्यांतून संख्या काढण्यासाठी एकेक बाइट जोडणारी फंक्शने ठरवण्यात आली. हा बदल फाइलमागून फाइल असा वर्षानुवर्षे चालला, वापरणाऱ्याला त्यातले काहीच दिसले नाही आणि छापलेल्या ओळीतही अक्षराचा फरक पडला नाही. परिणाम तोच ठेवून आतली रचना सुधारण्याच्या या कामाला प्रोग्रॅमरांच्या बोलीत 'रिफॅक्टरिंग' म्हणतात.

दोषांचा आणखी एक घराणेदार प्रकार म्हणजे न संपणारे लूप. अनेक प्रोटोकॉलांत मजकूर छोट्या घटकांच्या मालिकेत असतो आणि प्रत्येक घटकाच्या आरंभी त्याचा प्रकार व त्याची लांबी लिहिलेली असते. वाचणारे कोड ती लांबी पाहून तेवढे पुढे सरकते आणि पुढचा घटक वाचते. एखाद्या घटकाने आपली लांबी शून्य सांगितली, तर कोड शून्य बाइट पुढे सरकते, म्हणजे तेथेच राहते, तोच घटक पुन्हा वाचते आणि असे अखंड चालू राहते. २००५ साली आयएसआयएस, एलडीपी, बीजीपी आणि आरएसव्हीपी या प्रोटोकॉलांच्या छापणीत असेच दोष सापडले. नेटवर्कवरून एक लहानसे विकृत पॅकेट पाठवून पहाऱ्यावर बसलेला प्रोग्रॅम गुंगवून ठेवणे त्यामुळे कोणालाही शक्य होते. डीएनएस, म्हणजे संकेतस्थळांच्या नावांवरून पत्ते शोधून देणारी व्यवस्था, हिची गोष्ट याहून बोधप्रद आहे. तिच्या पॅकेटमध्ये जागा वाचवण्यासाठी आधी येऊन गेलेले नाव पुन्हा न लिहिता 'ते अमुक स्थानी पाहा' असा निर्देश देण्याची सोय आहे, आणि हा निर्देश स्वतःकडेच बोट दाखवणारा लिहिला, तर नाव उलगडणारे कोड आपल्याच शेपटीमागे फिरत राहते. हा दोष २००० साली टीसीपीडंपमध्ये आणि त्या वेळी इथरिअल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वायरशार्कमध्येही नोंदला गेला, दुरुस्त झाला, आणि सतरा वर्षांनी, २०१७ मध्ये, टीसीपीडंपच्या त्याच फाइलीत न संपणाऱ्या लूपचा दोष नव्याने नोंदवावा लागला. जेथे चूक सापडली तेथेच ठिगळ लावण्याच्या पद्धतीची मर्यादा या उदाहरणात दिसते : ते ठिगळ त्या एका वाटेपुरते असते आणि चुकीचा प्रकार मोकळाच राहतो.

२०१७ हे वर्ष टीसीपीडंपच्या इतिहासात कसोटीचे ठरले. विकृत मजकूर आपोआप लाखोंच्या संख्येने तयार करून प्रोग्रॅमला खाऊ घालायचा आणि तो कोठे कोलमडतो ते पाहायचे, या 'फझिंग' नावाच्या तंत्राचा उगम विस्कॉन्सिन विद्यापीठात बार्टन मिलर यांनी १९८८ साली, म्हणजे टीसीपीडंपच्याच जन्मवर्षी, विद्यार्थ्यांना दिलेल्या एका प्रकल्पात आहे. वादळी पावसाच्या रात्री दूरध्वनीच्या तारेवर आलेल्या खरखरीमुळे चांगले चांगले प्रोग्रॅम बंद पडताना त्यांनी पाहिले होते. २०१० नंतरच्या दशकात हे तंत्र फार धारदार झाले. मजकुरातल्या कोणत्या बदलामुळे कोडच्या नव्या वाटा उघडतात हे पाहत पाहत पुढचा मजकूर घडवणारी साधने आली, आणि स्मृतीच्या मर्यादेबाहेरचे एका बाइटाचे वाचनही जागीच पकडणारे 'अॅड्रेस सॅनिटायझर' हे साधन २०१२ पासून उपलब्ध झाले. एरवी एखाद-दुसरा परका बाइट वाचला गेला तरी प्रोग्रॅम निमूट पुढे जात असे आणि चूक झाल्याचे कोणालाच कळत नसे. आता प्रत्येक अशी चूक पुराव्यासह समोर येऊ लागली. सप्टेंबर २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४.९.२ या आवृत्तीत सुरक्षाविषयक दोषांच्या नव्वदच्या आसपास स्वतंत्र नोंदींचे निराकरण एकाच वेळी करण्यात आले.

त्या दुरुस्त्यांची मांडणी अभ्यासण्याजोगी आहे. बहुतेक बदल एक-दोन ओळींचे, म्हणजे येथे लांबीची तपासणी राहून गेली होती ती घातली, येथे वजाबाकीपूर्वी मोठे-लहान पाहिले, अशा स्वरूपाचे आहेत. वजाबाकीचा मुद्दा क्षुल्लक नाही, कारण ३२ बिटांच्या चिन्हरहित संख्येत चारमधून आठ वजा केले की उत्तर ४,२९,४९,६७,२९२ येते आणि पुढचे कोड तेवढी लांबी शिल्लक आहे असे समजून चालू लागते. प्रत्येक बदलासोबत कोणत्या प्रोटोकॉलच्या कोणत्या फंक्शनात काय चुकत होते याची नोंद लिहिलेली असते, आणि तो दोष उघड करणारे विकृत पॅकेट एका छोट्या फाइलीत साठवून चाचण्यांच्या संग्रहात कायमचे ठेवलेले असते. त्या पॅकेटवर प्रोग्रॅमने नेमका कोणता मजकूर छापावा हेही शेजारच्या फाइलीत लिहिलेले असते. पुढे कोणीही कोडमध्ये कोठेही हात घातला, की हा सगळा संग्रह पुन्हा चालवला जातो आणि अपेक्षित मजकुराशी एका अक्षराचाही फरक पडला तर तो लगेच दिसतो. मोठ्या सुधारणा निर्धास्तपणे करता येण्यासाठी जी जमीन लागते ती या शेकडो लहान फाइलींनी तयार केली. वापरणाऱ्याच्या नजरेला न पडणारा हा संग्रह टीसीपीडंपच्या संपत्तीचा सर्वांत मौल्यवान भाग आहे, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

एवढ्या नोंदी एकत्र पाहिल्यावर जे दिसले ते असे, की त्या नव्वद निरनिराळ्या चुका नव्हत्या. वाचण्यापूर्वी तपासायचे विसरणे ही एकच चूक वेगवेगळ्या लेखकांकडून वेगवेगळ्या फाइलींत झालेली होती. तपासणे आणि वाचणे या दोन स्वतंत्र कृती आहेत तोवर एखादा लेखक दुसरी करून पहिली विसरणारच. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या ४.९९.० या आवृत्तीने म्हणून या दोन कृती एकत्र बांधल्या. पॅकेटमधून एक, दोन, चार बाइटांची संख्या काढून देणारी नवी फंक्शने तपासणी स्वतःच करतात, आणि टिपलेला मजकूर अपुरा निघाला तर हाती असलेले काम सोडून थेट त्या पॅकेटच्या छापणीच्या आरंभीच्या ठिकाणी परत उडी घेतात. तेथे मजकूर तुटल्याची खूण छापली जाते आणि प्रोग्रॅम पुढच्या पॅकेटकडे वळतो. चौकोनी कंसात उभी रेघ आणि तिच्यापुढे प्रोटोकॉलचे नाव, अशी ही खूण टीसीपीडंप वापरणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीची आहे. पूर्वी ती प्रत्येक फाइलीत वेगळ्या पद्धतीने छापली जाई, आता ती एका जागेवरून, एकाच रूपात येते. त्याच वेळी दुसरा एक सूक्ष्म भेदही स्पष्ट करण्यात आला. टिपताना पॅकेट अपुरे राहिले तर ते 'तुटलेले', आणि पॅकेटमधली लांबी प्रोटोकॉलच्या नियमांतच बसत नसेल तर ते 'अवैध'. पहिल्यात टिपणाऱ्याने मर्यादा वाढवावी आणि दुसऱ्यात पाठवणाऱ्या यंत्राकडे पाहावे असा त्याचा अर्थ होतो, आणि रात्री-अपरात्री नेटवर्कचा बिघाड शोधणाऱ्या माणसाचे काही तास या भेदाने वाचतात.

याच मालिकेत आणखी एक शांतपणे चाललेले स्थित्यंतर येते. जुन्या टीसीपीडंपमध्ये टिपलेल्या मजकुराचा शेवटचा पत्ता, छापणीचा तपशील किती द्यायचा याचे पर्याय, अशा अनेक गोष्टी 'ग्लोबल' म्हणजे संपूर्ण प्रोग्रॅमला सामाईक असलेल्या चलांमध्ये ठेवलेल्या होत्या आणि कोणतेही फंक्शन त्या वाटेल तेव्हा बदलू शकत असे. एका पॅकेटच्या पोटात दुसरे पॅकेट असते अशा प्रोटोकॉलांत आतले पॅकेट छापताना शेवटचा पत्ता तात्पुरता बदलावा लागतो, आणि तो परत जागेवर ठेवायचे राहिले की पुढचे सगळे वाचन चुकते. हे सारे चल एका संचात गोळा करून तो संच प्रत्येक फंक्शनाला हातोहात देण्याचे काम फाइलीगणिक, अनेक वर्षे चालले. त्या काळात छापण्याच्या साच्याला दुहेरी कंस लागत, कारण सी भाषेच्या १९९९ च्या मानकापूर्वी साच्याला हवे तितके घटक देण्याची सोय नव्हती. ते मानक स्वीकारल्यावर हजारो ठिकाणचे जादा कंस काढून टाकण्यात आले. केवळ कंस काढण्याने प्रोग्रॅम सुरक्षित होत नाही हे खरे, पण वाचायला सोपी झालेली ओळ पुढच्या माणसाला तिच्यातली चूकही सोपेपणाने दाखवते.

हा सगळा खटाटोप करण्यापेक्षा संपूर्ण प्रोग्रॅम एखाद्या अधिक सुरक्षित भाषेत पहिल्यापासून का लिहू नये, हा प्रश्न रास्त आहे, आणि नव्याने सुरू होणाऱ्या विश्लेषकांसाठी त्याचे उत्तर होकारार्थी असू शकते. टीसीपीडंपच्या बाबतीत मात्र क्रमाक्रमाची वाट अधिक शहाणपणाची ठरली असे मानायला आधार आहे. शंभराहून अधिक फाइलींत साठलेले ज्ञान केवळ प्रोटोकॉलांच्या मानकांचे नाही. मानकांना सोडून वागणाऱ्या प्रत्यक्ष यंत्रांचे, जुन्या आवृत्त्यांचे आणि कोठेही लिहून न ठेवलेल्या अपवादांचे ते ज्ञान आहे, आणि नव्याने लिहिताना सर्वांत आधी तेच हरवते. शिवाय या प्रोग्रॅमने छापलेल्या ओळी वाचून पुढचे काम करणाऱ्या असंख्य छोट्या स्क्रिप्ट जगभर चालू आहेत, त्यामुळे ओळीचे रूप बदलले की कोठेतरी काहीतरी मोडते. लहान बदल पूर्ण समजून घेता येतो, तपासता येतो आणि चुकलाच तर मागे घेता येतो. स्वेच्छेने काम करणाऱ्या मूठभर माणसांच्या प्रकल्पाला पेलेल अशी ती एकमेव वाट होती.

वाचणाऱ्या कोडमधली प्रत्येक चूक निघाली आहे असे कधीच म्हणता येत नसल्याने, उरलेल्या चुकीने होणारे नुकसान कमी करण्याच्या दुरुस्त्याही समांतर चालल्या. पॅकेट टिपण्यासाठी नेटवर्क कार्ड उघडायला सर्वाधिकारी वापरकर्त्याचे हक्क लागतात, पण ते एकदा उघडले, की छापण्यासाठी त्या हक्कांची गरज उरत नाही. तेव्हा कार्ड उघडताच ते हक्क सोडून सामान्य वापरकर्ता म्हणून पुढे चालण्याची सोय टीसीपीडंपमध्ये करण्यात आली, आणि ओपनबीएसडी या कार्यप्रणालीने आपल्या प्रतीत अधिकार असलेला भाग व पॅकेट वाचणारा भाग हे दोन वेगळे प्रोसेसच केले. केंब्रिज विद्यापीठ आणि गूगल येथील संशोधकांनी २०१० साली फ्रीबीएसडीसाठी 'कॅप्सिकम' ही बंदिस्तीची व्यवस्था मांडली, तेव्हा तिच्या उदाहरणांत टीसीपीडंप होता. मोजक्या ओळी घालून त्याला फाइली व नेटवर्कपासून तोडता येते असे त्यांनी दाखवले, आणि तसे करताच अंकी पत्त्यांची नावे शोधण्याचे त्याचे काम बंद पडते, कारण नाव शोधायला पुन्हा नेटवर्कवरच जावे लागते, हेही त्यातून पुढे आले. पहारेकऱ्याने स्वतःच प्रश्न विचारत फिरणे तसेही इष्ट नाही. अनुभवी माणसे नावे न शोधण्याचा पर्याय देऊनच टीसीपीडंप चालवतात, कारण एरवी टिपणीत त्याच्या स्वतःच्याच डीएनएस-विचारणांची भर पडते.

काही ठिकाणी दुरुस्ती म्हणजे कोड चालू न ठेवणे हीच असते. विंडोज यंत्रांमधील फाइलींच्या देवाणघेवाणीचा एसएमबी हा प्रोटोकॉल छापणारा भाग इतका गुंतागुंतीचा आणि त्याची रचना बाकीच्या कोडपासून इतकी वेगळी, की त्यात एकेक तपासणी घालून तो भरवशाचा होईल याची खात्री कर्त्यांना देता येईना. अलीकडच्या आवृत्त्यांत तो मुळात बंद ठेवलेला असतो. ज्याला तो हवाच असेल त्याने प्रोग्रॅम बांधताना तसे स्पष्टपणे सांगावे लागते, आणि त्या वेळी या भागात गैरफायदा घेता येईल असे दोष असू शकतात असा इशाराही दिला जातो.